बायोडाट्यातला डोंगर

माझ्या मुलीच्या लग्नाच्या बायोडाट्यात माझ्या नावाखाली 'छंद : गिर्यारोहण' असं छापलंय, हे मला पहिल्यांदा कळलं ते मुलाच्या वडिलांकडून. त्या वेळी माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता.

"वाचून बरं वाटलं, पाहुणे," देवळाली कॅम्पचे माजी सैनिक चिमाजी कातकाडे आमच्या सोफ्यावर ताठ बसून म्हणाले. "आपल्या वयाची माणसं आजकाल जिन्याकडेसुद्धा बघत नाहीत. कुठले कुठले डोंगर केले?"

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझर आहे. तिथल्या मांडणीच्या वरच्या खणातला नटबोल्टचा डबा काढायलाही मी शिडीवर माणूस चढवतो. हे सांगायचं तर आधी घास गिळायला हवा होता. मी तो सावकाश गिळला, आणि तेवढ्या वेळात आमचा मेहुणा गोरक्ष बोलून मोकळा झाला. "दाजी स्वतःबद्दल बोलत नाहीत. लाजतात."

हा गोरक्ष म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं अशोकनगरला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. नात्यातल्या पन्नास-साठ मुलामुलींचे बायोडाटे त्याने फुकट करून दिलेत, आणि फुकटच्या कामात माणूस जरा सढळ हाताने लिहितो. नंतर मी त्याला कोपऱ्यात घेतलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमच्या नावाखाली जागा फार रिकामी दिसत होती. आधी वाचन टाकलं होतं, पण वाचन सगळेच टाकतात."

कातकाडे निघताना दारात थांबले आणि दोन गोष्टी बोलले. पहिली म्हणजे, त्यांना हुंडा नको, मानपान नको, फक्त खोटं चालत नाही. दुसरी म्हणजे, पुढची बोलणी हॉटेलात न करता डोंगरावर करू. चांदवडच्या पुढे सातमाळ्याच्या रांगेत एक डोंगर आहे, त्यावर कुणा इंग्रज साहेबाने खणलेली आणि सोडून दिलेली सोन्याची खाण आहे. दोन्ही कुटुंबांनी तिथे जायचं. "तुम्ही जाणकार माणूस," ते म्हणाले, "तुम्हाला ही टेकडीच वाटेल."

मी त्याच दिवशी फोन करून खरं सांगितलं असतं. पण मध्ये स्नेहल होती.

स्नेहल आमची एकुलती एक. सत्तावीस पूर्ण झाली, दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिला अकरा स्थळं बघून गेली होती. एकाला उंची कमी वाटली, एकाला नोकरी नको होती, एकाने तर चहा झाल्यावर मावसबहिणीबद्दल चौकशी केली. पाचव्या स्थळापर्यंत ती साडी नेसायची. त्यानंतर ती नुसता ट्रे घेऊन यायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. प्रत्येक वेळी पाहुणे गेल्यावर ती उरलेले पोहे डब्यात भरायची. ते मला बघवायचं नाही. यावेळी मात्र कातकाड्यांचा रविराज गेल्यावर तिने कपबशा विसळता विसळता आईला विचारलं, "हे लोक परत कधी येणार आहेत?" मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो.

"अहो, बारा स्थळं झाली," माझी बायको रोहिणी मला म्हणाली. "आता डोंगर चढायला लागला तर चढा."

आमच्या कॉलनीत बातमी जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, गुडघ्याला तिळाचं तेल. दुसऱ्याने सांगितलं, तेल अजिबात नको, घसरायला होतं. समोरच्या वहिनींनी चढावर बोलू नका असं बजावलं, त्यांचे दीर म्हणे बोलता बोलताच गेले. ते जिन्यावर गेले की डोंगरावर, हे मी विचारलं नाही. फक्त शेजारचे धम्मपाल सर, जे शाळेत भूगोल शिकवतात आणि खरोखरच पोरांना घेऊन डोंगरावर जातात, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांगून टाका ना खरं. एका फोनचं काम आहे." इतका सोपा सल्ला दिल्याबद्दल मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

सराव म्हणून मी पहाटे पांडवलेणीला जायला लागलो. पाठीवर वजन हवं असं गोरक्षने मोबाईलवर वाचून सांगितलं होतं. रोहिणीने माझ्या पिशवीत पाच किलो गहू भरून दिले आणि येताना गिरणीत टाकून या म्हणाली. पहिल्या दिवशी मी साठ पायऱ्या चढलो आणि बसलो. एक आजोबा वरून उतरत होते, त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "वर कबुतरांना टाकता का?" मी हो म्हटलं. आता रोज खोटं बोलायची सवयच लागली होती. दोन महिने आमच्या घरात डोंगरावरून आलेल्या पिठाच्या चपात्या झाल्या, आणि माझी प्रगती साठाच्या ऐंशी पायऱ्या एवढी झाली.

मग कळलं की तो डोंगर वनखात्याच्या हद्दीत आहे आणि वर जायला परवानगी लागते. ती आणायची जबाबदारी अर्थातच जाणकार माणसावर आली. मी रजा टाकून एका कचेरीत गेलो. तिथल्या अर्जात 'जाण्याचे प्रयोजन' असा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय होते : संशोधन, धार्मिक, गवत व लाकूडफाटा. मी खिडकीतल्या गृहस्थांना विचारलं, नुसतं वर जाऊन खाली यायचं असेल तर काय लिहू. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नुसतं कोण जातं साहेब? माणूस देवाला जातो नाहीतर सरपणाला जातो."

मी 'धार्मिक' वर खूण केली. पुढचा रकाना देवाच्या नावाचा होता. त्या घडीला मला कातकाड्यांखेरीज दुसरा देव दिसत नव्हता, तरी मी खंडोबा लिहिलं. त्यावर त्यांनी देवस्थान समितीचं पत्र मागितलं. समिती नाही म्हटल्यावर देऊळ आहे का विचारलं. देवळाचीही खात्री नाही म्हटल्यावर अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मग गवत लिहा." अशा रीतीने दोन प्रतिष्ठित कुटुंबांतले सहा जण सरकारी कागदोपत्री डोंगरावर गवत कापायला निघाले.

पन्नाशीच्या वर असल्यामुळे डॉक्टरचा दाखला वेगळा लागला. आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला. शेवटी त्यांनी 'चढण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं. उतरण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

तुळशीचं लग्न झाल्यावरच्या रविवारी आम्ही निघालो. हायवेला लाल कांद्याचे ट्रॅक्टर होते, त्यांच्या मागून आमची गाडी आणि आमच्या मागून कातकाड्यांची. मी मनातल्या मनात प्रत्येक ट्रॅक्टरला उलटायची विनंती करत होतो. कुणाला लागावं असं नाही, नुसता रस्ता बंद व्हावा. पण त्या दिवशी सगळे ट्रॅक्टर शहाण्यासारखे चालले.

पायथ्याच्या वाडीत रोहिणी आणि कातकाड्यांच्या बायकोने वर यायला साफ नकार दिला. एका ओट्यावर सतरंजी टाकून त्या गप्पा मारत बसल्या. इतका सोपा मार्ग होता आणि तो फक्त बायकांना उपलब्ध होता. स्नेहल आणि रविराज पहिल्या वळणालाच पुढे गेले आणि गवतात दिसेनासे झाले. मागे राहिलो मी आणि कातकाडे. त्यांच्या डोक्यावर मिलिटरीची टोपी, हातात काठी. माझ्या पायात नवे कोरे बूट.

"चला, तुम्ही पुढे," कातकाडे म्हणाले.

"छे छे, तुम्ही पुढे. तुम्ही मुलाकडचे."

"नाही पाहुणे, डोंगरावर तुम्ही सीनियर."

पुढे जाणाऱ्याला दम लागलेला मागच्याला दिसतो, म्हणून मला मागे राहायचं होतं. शेवटी वाट अरुंद असूनही आम्ही शेजारी शेजारी चाललो, एकाचा खांदा दुसऱ्याला घासत.

शंभरेक पावलांवर कातकाडे थांबले. काठी टेकून दरीकडे बघत म्हणाले, "काय निसर्ग आहे." मी देवाचे आभार मानले आणि निसर्ग बघितला. पुन्हा शंभर पावलं, पुन्हा ते थांबले आणि समोरच्या सुळक्याचं नाव विचारलं. मला ते नाव माहीत असणं भागच होतं. मी 'तवल्या' म्हणालो. पुढच्या थांब्याला दुसऱ्याचं नाव विचारलं, मी 'धाकटा तवल्या' म्हणालो. तिसऱ्याला मी खंडोबाचं नाव दिलं. माझी परीक्षा चालली आहे आणि हा माणूस मुद्दाम थांबून थांबून मला तपासतोय, याबद्दल माझी खात्री पटली होती. मिलिटरीत असंच शिकवत असणार.

दुसऱ्या टप्प्याला माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. प्रत्येक पावलाला तो टाळी वाजवल्यासारखा आवाज करायला लागला. मी तसाच चार-पाच टाळ्या वाजवत चाललो. मग निवडुंगाच्या फड्याला धरून बूट बघायला वाकलो, आणि फड्याला धरलंय हे मला जरा उशिरा कळलं.

"लागलं का?" कातकाड्यांनी विचारलं.

"नाही. सवय आहे," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात खालून एक म्हातारी आली. अनवाणी, कमरेला विळा, सत्तरीच्या पुढची. पाच मिनिटांपूर्वी ती आम्हाला पायथ्याला गुरं बांधताना दिसली होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं, बुटाकडे बघितलं, आणि काही न विचारता माझा तळहात धरून नखाने काटे काढायला बसली. मग दोन मुठी गवत उपटून त्याची दोरी वळली आणि बुटाचा तळ बांधून दिला.

"कुठं चाललासा?"

"सोन्याच्या खाणीकडे," कातकाडे म्हणाले.

"कशापायी?"

मी म्हणालो, "गवत कापायला." ते निदान कागदावर तरी होतं. म्हातारी हसली. तिचं नाव सगुणाबाई. ती आमच्या पुढे निघाली आणि तिच्यामागे आम्ही गुपचूप निघालो. ती मध्ये मध्ये गवताचा भारा करायची, तोवर आम्ही तिला गाठायचो.

एका कातळापाशी मी बसलो आणि मला वाटलं, आता उठायचं नाही. मनात सगळा हिशेब मांडून झाला. हे स्थळ गेलं. स्नेहल पुन्हा पोहे डब्यात भरणार. मला तिच्यासाठी आयुष्यात एक काम करायचं होतं आणि ते डोंगराच्या मध्यावर संपलं. मला तिचं ते घड्याळाकडे बघणं आठवलं आणि मी पुन्हा उठलो. कसा उठलो ते गुडघ्यांना विचारा. गंमत म्हणजे कातकाडेही शेजारी बसले होते, आणि मी उठलेला बघून ते अशा काही चेहऱ्याने उठले की मला वाटलं मी त्यांच्या विश्रांतीत व्यत्यय आणला.

खाण आली तेव्हा मला ती खाण आहे हे कळलंच नाही. करवंदीच्या जाळीमागे एक भोक होतं. आत बारा पावलं गेलं की सरळ भिंत. भिंतीवर कुदळीच्या खुणा, वर वटवाघळं, खाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. कुणीतरी ऑइल पेंटने एका मुलीचं नाव लिहून ते नंतर खोडलं होतं.

"एवढीच?" मी विचारलं.

"एवढीच हाय," सगुणाबाई भारा टेकवून म्हणाली. "माज्या आज्याच्या बापानं खणली. साहेबानं आधी कागद लिवून धाडला व्हता वर, हितं सोनं हाय म्हनून. मंग वरून हुकूम आला, काढा. आता काय करतो? सात वरस खणलं. मुरूमच निगाला सगळा."

"मग चूक झाली असं कळवलं नाही त्याने?"

"कसं कळवल? लिवून बसला व्हता ना. शेवटाला दुसरा कागद धाडला. सोनं व्हतं, पन संपलं."

ती भारा डोक्यावर घेऊन सरळ उतरायला लागली. आम्ही दोघं खाणीच्या तोंडाशी बसून राहिलो. मला त्या साहेबाची फार दया आली. त्याच्याही घरात कुणी मेहुणा असेल, हौसेने कागद लिहून देणारा. सात वर्षं तो रोज सकाळी उठून या भोकाकडे आला असणार, आणि रोज त्याला माहीत असणार. मला दोनच महिने झाले होते आणि मी पुरता खचलो होतो.

"कातकाडे साहेब," मी म्हणालो, "मी आयुष्यात डोंगर चढलेलो नाही. ते गिर्यारोहण माझ्या मेहुण्याने लिहिलं. मघाशी सांगितलेली नावंही खोटी आहेत, एक तवल्या सोडला तर. तोही कदाचित दुसरीकडे असेल. तुम्हाला खोटं चालत नाही, माहीत आहे. पण यात पोरीचा काही दोष नाही. तुम्हाला राग धरायचा तर माझ्यावर धरा."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी टोपी काढली. टोपीखालचं डोकं घामाने थबथबलं होतं. त्यांनी पँट वर ओढली, तर दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"पाहुणे, मी मिलिटरीत होतो, ते खरं. पण अठ्ठावीस वर्षं क्लार्क. रविराजच्या बायोडाट्यात माझ्या नावाखाली जे सियाचीन लिहिलंय ना, तिथल्या जवानांची पगारबिलं मी काढायचो. आमच्या साडूने लिहिलं ते. तोफेचा आवाज मी कॅम्पातल्या खिडकीतून ऐकलाय."

"मग हा डोंगर?"

"तुमच्यामुळं. बायोडाटा वाचला आणि वाटलं, हा माणूस डोंगरावरचा, याला हॉटेलात कशाला बसवा. वाईट दिसेल. दोन महिने झाले, मी कॅम्पाच्या बाजारात रोज सकाळी फेऱ्या मारतोय. लोक विचारतात, काय हरवलं का. मघाशी त्या कातळावर तुम्ही बसलात तेव्हा वाटलं, सुटलो. तर तुम्ही उठलात."

"आणि ते खोटं चालत नाही म्हणालात ते?"

"ते मी सगळीकडेच म्हणतो. समोरचा जरा सावध राहतो."

आम्ही दोघंही हसलो नाही. हसायला लागणारी ताकद उतरायला ठेवली होती. तेवढ्यात वरच्या माथ्यावरून स्नेहल आणि रविराज खाली आले. स्नेहल आम्हाला बघून थबकली.

"पप्पा, तुम्ही आलात?"

"आलो की."

"मी रविराजला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मामानं वाढवून लिहिलंय, पप्पांना दोन मजले चढवत नाहीत. तो म्हणाला, काही हरकत नाही, ते अर्ध्यातून परत जातील. आम्ही कधीपासून वरून बघतोय. तुम्ही बसलात, मला वाटलं आता वळणार. पण तुम्ही..." ती जवळ आली. माझ्या गवताने बांधलेल्या बुटाकडे बघत राहिली. मग माझ्या शेजारी खाली मातीत बसली आणि लहानपणी बसायची तशी खांद्याला टेकली.

म्हणजे एका फोनचंसुद्धा काम नव्हतं. मुलीने ते आधीच केलं होतं. मी दोन महिने फुकट गहू वाहिले. याचं मला फार वाईट वाटायला हवं होतं, पण तिचं डोकं खांद्यावर होतं. शेजारी रविराज त्याच्या वडिलांच्या गुडघ्याचा पट्टा नीट करत होता. कातकाडेही दरीकडे बघत होते, आणि यावेळी त्यांनी कुठल्या सुळक्याचं नाव विचारलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण स्नेहलने खाणीच्या तोंडाशी आमचा फोटो काढला, तो गोरक्षकडे गेला, आणि गोरक्षकडे कागद आणि शाई दोन्ही भरपूर आहे. लग्नाच्या दिवशी लॉन्सच्या दारात तो फोटो माणसाएवढा लावलेला होता. गोरक्ष माईकवरून सांगत होता, "वधूपिता आणि वरपिता! दोघांनी मिळून सोन्याची खाण सर केली आहे! आणि पाहुण्यांच्या आग्रहाखातर येत्या रविवारी दोन्हीकडची मंडळी कळसूबाईला निघणार आहेत, नेतृत्व अर्थातच या दोघांचं!" चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मुलीकडच्या सत्तावीस आणि मुलाकडच्या एकोणतीस जणांनी नावं दिली होती. टॉवेल-टोपीच्या ऐवजी आम्हा दोघांना एकेक पाठीवरची बॅग मिळाली.

मग व्याहीभेट झाली. वाजंत्री वाजत होती, वरून अक्षता पडत होत्या. कातकाड्यांनी मला मिठी मारली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"पाहुणे, आता तरी खरं सांगून टाकायचं का? जमत नाही म्हणून?"

मी त्यांच्या खांद्यावरून समोर बघितलं. स्नेहल मुंडावळ्या एका हाताने बाजूला धरून आमच्याकडे बघत होती, आणि शेजारच्या मैत्रिणीला बोट दाखवून सांगत होती, ते माझे पप्पा.

"गुडघ्याचे पट्टे," मी त्यांच्या कानात विचारलं, "कुठून घेतलेत तुम्ही?"